नेटवर्कच्या केबलमधून वीज देणारा स्विच

भारनियमनाची वर्षे ज्यांनी अनुभवली आहेत त्यांना आठवत असेल की घरात काळोख झाला, पंखे थांबले, तरी तिपाईवरचा लँडलाइन फोन चालूच असायचा. त्या फोनला भिंतीतल्या सॉकेटची गरजच नव्हती. बोलणे ज्या दोन तारांवरून जात असे, त्याच तारांवरून टेलिफोन एक्स्चेंज त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा करत असे आणि त्यासाठी एक्स्चेंजमध्ये मोठमोठ्या बॅटऱ्यांच्या रांगा ठेवलेल्या असत. आज सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा, कार्यालयाच्या छताला लावलेला वाय-फायचा पांढरा डबा किंवा रिसेप्शनच्या टेबलावरचा आयपी फोन यांच्याकडे जाणारी एकुलती एक केबल पाहिली की तीच जुनी कल्पना नव्या रूपात समोर येते. माहिती आणि वीज एकाच केबलमधून पाठवण्याच्या या पद्धतीला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’, म्हणजे रोजच्या बोलण्यात ‘पीओई’ म्हणतात. एक्स्चेंजची जागा इथे स्विच नावाच्या पेटीने घेतलेली असते.

स्विच म्हणजे अनेक पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या खाचा, असलेली पेटी, आणि तिचे मूळ काम टपाल वाटणाऱ्यासारखे असते. प्रत्येक उपकरणाला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. कोणता पत्ता कोणत्या पोर्टच्या पलीकडे आहे हे स्विच येणाऱ्या माहितीवरूनच शिकतो आणि पुढची माहिती फक्त त्याच पोर्टवर पाठवतो. या मूळ कामात पीओई स्विच विजेच्या पुरवठ्याची भर घालतो, आणि ‘मॅनेज्ड’ स्विच त्या दोन्ही कामांवर माणसाला लक्ष ठेवू देतो व हुकूम चालवू देतो. दुकानात या तिन्ही गोष्टी एकाच खोक्यात मिळतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक बहुतेक खरेदीदारांच्या लक्षात येत नाही. तो लक्षात न आल्यामुळे काय होते हे मी आमच्या सोसायटीत जवळून पाहिले आहे. ते पुढे सांगतो, कारण ते कळण्यासाठी वीज कशी दिली जाते हे आधी कळायला हवे.

पहिला प्रश्न कोणालाही पडेल असा आहे. केबलमध्ये ५० व्होल्टच्या आसपास वीज खेळत असेल आणि त्याच पोर्टला कोणी आपला लॅपटॉप जोडला, तर तो जळणार नाही का? तो जळत नाही, कारण प्रमाणित पीओई स्विच मागितल्याशिवाय वीज देतच नाही. रिकाम्या पोर्टवर तो थोड्या थोड्या वेळाने २.७ ते १०.१ व्होल्टच्या दरम्यानचा अगदी हलका दाब देऊन चाचपणी करत असतो. पीओईवर चालणाऱ्या उपकरणाच्या आत याच क्षणासाठी सुमारे २५ किलो-ओहमचा रोध बसवलेला असतो. स्विच दोन वेगवेगळे दाब देऊन विद्युतधारा मोजतो आणि ओहमच्या नियमाने हिशेब करतो. उत्तर त्या आकड्याच्या जवळपास आले तरच पलीकडे वीज घेणारे उपकरण आहे असे तो मानतो. लॅपटॉपमध्ये, जुन्या प्रिंटरमध्ये किंवा साध्या संगणकात तो रोध नसतो, म्हणून त्यांना फक्त माहिती मिळते आणि वीज अजिबात मिळत नाही.

ओळख पटली की पुढचा प्रश्न येतो, किती वीज हवी? स्विच दाब १५.५ ते २०.५ व्होल्टपर्यंत वाढवतो आणि उपकरण त्या वेळी ठरावीक धारा ओढून आपली श्रेणी सांगते. ९ ते १२ मिलिअँपिअर धारा ओढली तर पहिली श्रेणी, म्हणजे स्विचच्या बाजूला ४ वॅट राखून ठेवायचे. १७ ते २० मिलिअँपिअर ओढली तर दुसरी, म्हणजे ७ वॅट. २६ ते ३० ओढली तर तिसरी, म्हणजे १५.४ वॅट, आणि चाळीसच्या आसपास ओढली तर चौथी, म्हणजे ३० वॅट. त्याहून जास्त भुकेची उपकरणे हीच खूण अनेक वेळा करून पाचव्या ते आठव्या श्रेणीची, म्हणजे ४५ पासून ९० वॅटपर्यंतची मागणी नोंदवतात. हे सगळे ठरल्यावरच पूर्ण दाबाची वीज सोडली जाते. उपकरण सुरू होऊन त्याचे सॉफ्टवेअर जागे झाले की ‘एलएलडीपी’ नावाच्या छोट्या संदेशांतून त्याला आपली मागणी वॅटच्या दहाव्या भागापर्यंत नेमकी करून सांगता येते, आणि बहुतेक मॅनेज्ड स्विच त्याप्रमाणे राखीव वाटा कमी-जास्त करतात.

वीज सुरू झाल्यावरही हा संवाद संपत नाही. उपकरणाने निदान १० मिलिअँपिअरच्या आसपास धारा ओढत राहिले पाहिजे. ती थांबली तर केबल उपसली गेली आहे असे समजून स्विच अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो आणि पुन्हा चाचपणीपासून सुरुवात करतो. म्हणूनच कॅमेऱ्याची केबल काढून त्याच जागी लगेच लॅपटॉप जोडला तरी धोका नसतो. कुठे शॉर्ट झाले तर काही मिलिसेकंदांत तो एकच पोर्ट बंद होतो आणि शेजारचे पोर्ट चालू राहतात. बाजारात मात्र २४ व्होल्टचे असे इंजेक्टरही मिळतात जे काहीही न विचारता केबलमध्ये सरळ वीज सोडतात. त्यांना ‘पॅसिव्ह पीओई’ म्हणतात आणि छतांवरच्या वायरलेस अँटेनांसोबत ते सर्रास दिसतात. ते चुकीच्या उपकरणाला जोडले गेले तर नुकसान होऊ शकते, म्हणून अशा इंजेक्टरवर ठळक चिठ्ठी लावून ठेवावी आणि तो शक्यतो त्याच्या जोडीच्या उपकरणापासून वेगळा करू नये.

एकाच तारेवर वीज आणि माहिती एकमेकींत मिसळत कशा नाहीत, हेही समजून घेण्यासारखे आहे. नेटवर्क केबलमध्ये पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. माहिती प्रत्येक जोडीतल्या दोन तारांमधल्या दाबाच्या फरकावरून वाचली जाते. त्या दोन्ही तारा जमिनीपासून किती उंच दाबावर आहेत याच्याशी तिला कर्तव्य नसते. धरणातले पाणी चढले तरी एकाच होडीत उभ्या असलेल्या दोन माणसांच्या उंचीतला फरक बदलत नाही, तसेच हे आहे. पोर्टच्या आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या मधोमध वीज सोडली जाते, ती जोडीच्या दोन्ही तारांवर सारखी वाटली जाते, आणि दुसरी एक जोडी परतीचा मार्ग होते. दोन्ही तारांवरची धारा सारखी असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात तिचे चुंबकत्व एकमेकाला रद्द करते आणि माहितीच्या लहरी बिनबोभाट पार होतात. यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते ती म्हणजे दोन्ही तारांचा रोध सारखा असणे. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, एक तार नीट बसली नाही तर वीज पोहोचते, पण माहितीत चुका होऊ लागतात. असा दोष शोधायला तासन् तास जातात, कारण कॅमेरा चालू दिसतो आणि चित्र मात्र अडखळते.

आता आकड्यांकडे येऊ. आयईईई या संस्थेने २००३ मध्ये ८०२.३एएफ हे पहिले प्रमाण ठरवले. त्यात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅट आणि उपकरणाच्या तोंडाशी १२.९५ वॅट असे दोन आकडे आहेत. हा विचित्र दिसणारा १२.९५ चा आकडा कुठून आला हे साध्या गुणाकाराने कळते. स्विचचा दाब कमीत कमी ४४ व्होल्ट आणि धारा जास्तीत जास्त ०.३५ अँपिअर धरली की १५.४ वॅट होतात. शंभर मीटर केबलच्या जाण्यायेण्याचा रोध वाईटात वाईट परिस्थितीत २० ओहम धरला, तर धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ०.३५ गुणिले ०.३५ गुणिले २०, अशी २.४५ वॅट ऊर्जा तारेतच उष्णता होऊन जाते. १५.४ मधून २.४५ वजा केले की १२.९५ उरतात. २००९ च्या ८०२.३एटी प्रमाणात हाच हिशेब ०.६ अँपिअर आणि १२.५ ओहम धरून केलेला आहे, तिथे ४.५ वॅट तारेत जातात आणि ३० मधून २५.५ वॅट पोहोचतात. २०१८ च्या ८०२.३बीटी प्रमाणाने चारही जोड्या वापरून हा आकडा स्विचकडे ९० आणि उपकरणाकडे ७१.३ वॅटपर्यंत नेला. याचा अर्थ असा की सर्वांत वरच्या श्रेणीत, लांबलचक केबलवर, जवळजवळ १९ वॅट नुसते भिंतीतल्या पाइपात तापत राहू शकतात.

दाब ५० व्होल्टच्या आसपासच का ठेवला, हेही याच गुणाकारात दडलेले आहे. कॅमेऱ्याच्या अॅडॉप्टरवर बहुधा १२ व्होल्ट लिहिलेले असते, म्हणून काही जण केबलच्या रिकाम्या जोड्यांतून सरळ १२ व्होल्ट सोडतात. पण १२.५ ओहम रोधाच्या तारेतून १२ व्होल्टचा स्रोत दुसऱ्या टोकाला जास्तीत जास्त २.९ वॅट देऊ शकतो. कितीही मोठा अॅडॉप्टर लावला तरी त्यापुढे मजल जात नाही. दाब चौपट केला की तेवढ्याच वॅटसाठी धारा चौथाई लागते आणि तारेतली नासाडी सोळाव्या भागावर येते. मग दाब २३० व्होल्टच का नको, तर ६० व्होल्टच्या आतला डीसी दाब कोरड्या जागी माणसाला सहसा इजा करत नाही. त्यामुळे प्रमाणाने कमाल मर्यादा ५७ व्होल्टवर ठेवली आहे.

हा सगळा हिशेब तांब्याच्या तारेचा आहे, आणि आपल्याकडे बाजारात नेमकी इथेच फसगत होते. बाहेरून तांब्यासारखी दिसणारी, पण आतून अॅल्युमिनियमची असलेली केबल निम्म्या किमतीच्या आसपास मिळते. विकणारे तिला ‘सीसीए’ (कॉपर-क्लॅड अॅल्युमिनियम, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम) म्हणतात आणि घेणाऱ्याला त्या तीन अक्षरांचा अर्थ कोणी सांगत नाही. अॅल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्यामुळे त्याच जाडीच्या तारेचा रोध दीडपटीहून जास्त होतो. त्यात तार बारीक ओढलेली असली, आणि स्वस्त केबलमध्ये ती बहुधा असतेच, तर तो आणखी वाढतो. ही तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तांब्यापेक्षा लवकर तुटते आणि सांध्यांवर गंजते. ओळखायला सोपी युक्ती म्हणजे तारेचे टोक चाकूच्या पात्याने खरवडून पाहणे. तांबडा थर निघून खाली पांढरट चमक दिसली, तर ती केबल पीओईसाठी घेऊ नये. कॅट ५ई किंवा कॅट ६ या नावांच्या प्रमाणांना पूर्ण तांब्याचीच तार लागते, त्यामुळे अशा केबलवर ते नाव छापलेले असणेच मुळात खोटे आहे. कॅमेरा बदलता येतो, स्विच बदलता येतो; भिंतीत गाडलेली केबल बदलायची म्हणजे अर्धी इमारत खणायची. म्हणून या एका वस्तूवर पैसे वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आमच्या सोसायटीची हकीकत. सोळा कॅमेरे बसवले गेले आणि जिन्याखालच्या रॅकमध्ये सोळा पोर्टचा एक साधा, म्हणजे मॅनेज्ड नसलेला पीओई स्विच लागला. दिवसभर सगळे ठीक असायचे. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास मागच्या फाटकाचे आणि पार्किंगचे असे तीन कॅमेरे पडद्यावरून नाहीसे व्हायचे, दोन-तीन मिनिटांनी परत यायचे, पुन्हा जायचे, आणि सकाळी उजाडले की आपोआप शहाण्यासारखे चालू व्हायचे. कॅमेरे बसवणाऱ्याने आधी कनेक्टर बदलले, मग एक कॅमेरा बदलला, मग केबल उंदरांनी कुरतडली असेल असे म्हणून एक नवीन केबल ओढली. संध्याकाळ झाली की पुन्हा तेच. रखवालदार काकांनी सांगितलेली गोष्ट कोणी मनावर घेतली नव्हती. ते म्हणाले होते, ‘साहेब, कॅमेऱ्यातले लाल दिवे लागले की हे होतं.’

त्यांचे निरीक्षण अचूक होते. अंधार पडला की कॅमेरा आपले अवरक्त दिवे लावतो. आमचा कॅमेरा दिवसा ५ वॅट आणि रात्री ९ वॅट घेत होता. दिवसाची बेरीज ८० वॅट, रात्रीची १४४ वॅट. आणि स्विचच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की सगळ्या पोर्टांवर मिळून पीओईसाठी १२० वॅट उपलब्ध आहेत. तेरा कॅमेऱ्यांचे ११७ वॅट त्यात बसत होते, चौदाव्याने ती बेरीज १२६ होत होती. अशा वेळी स्विच सगळ्यात कमी महत्त्वाचे पोर्ट सोडून देतो, आणि महत्त्व कोणी ठरवून दिले नसेल तर सहसा शेवटच्या क्रमांकाचे पोर्ट आधी जातात. पोर्ट बंद झाला की बेरीज खाली येते, स्विच पुन्हा त्या कॅमेऱ्याची चाचपणी करून वीज देतो, कॅमेरा उठतो, दिवे लावतो, आणि परत बेरीज ओलांडली जाते. कॅमेरे, केबल, कनेक्टर सगळे निर्दोष होते. चूक खरेदीच्या वेळी न विचारलेल्या एका प्रश्नात होती.

तो प्रश्न म्हणजे स्विचचे एकूण पीओई बजेट किती आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रत्येक पोर्टला ३० वॅट’ असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते, पण ते कोणत्याही एका पोर्टबद्दल असते, सगळ्यांबद्दल नसते. चोवीस पोर्टना प्रत्येकी ३० वॅट द्यायचे तर ७२० वॅट लागतील; बाजारातले कित्येक चोवीस पोर्टचे स्विच मात्र ३७० वॅट देतात, कारण चोवीस गुणिले १५.४ म्हणजे जवळपास तेवढेच होतात. यात कंपनीची लबाडी नाही. बहुतेक ठिकाणी सगळी उपकरणे एकदम पूर्ण वीज घेत नाहीत, आणि मोठा पॉवर सप्लाय म्हणजे जास्त किंमत, जास्त उष्णता, जास्त आवाजाचा पंखा. पण आपली उपकरणे रात्री, थंडीत किंवा फिरत्या कॅमेऱ्याची मोटर चालू असताना जास्तीत जास्त किती घेतात याची बेरीज खरेदीआधी कागदावर मांडली पाहिजे आणि त्यावर निदान पाव भाग मोकळा ठेवला पाहिजे.

आमच्याकडे पुढे मॅनेज्ड स्विच आला आणि मॅनेज्ड या शब्दाचा अर्थ पहिल्याच संध्याकाळी कळला. या स्विचला स्वतःचा आयपी पत्ता असतो. ब्राउझरमध्ये तो टाकला की एक पान उघडते आणि त्यावर प्रत्येक पोर्टसमोर श्रेणी, दाब, धारा आणि चालू क्षणाचे वॅट दिसतात. पावणेसातच्या सुमारास आम्ही ते पान उघडून बसलो होतो. एकेका ओळीतला पाचच्या आसपासचा आकडा नऊकडे उडी घेत होता. आधी पूर्वेकडच्या भिंतीच्या सावलीतले कॅमेरे, मग बाकीचे. महिनाभर ज्याचा शोध चालला होता ते कारण पाच मिनिटांत डोळ्यांसमोर उलगडले. साधा स्विच हेच काम करत होता, पण तो मुका होता. मॅनेज्ड स्विच काय करतो आहे ते सांगतो, आणि मागच्या घटनांची नोंदही ठेवतो: कोणत्या पोर्टची वीज किती वाजता गेली, बजेट ओलांडल्यामुळे गेली, शॉर्टमुळे गेली की केबल निघाल्यामुळे गेली.

सांगण्याबरोबर तो ऐकतोही. प्रत्येक पोर्टला महत्त्वाची पायरी देता येते, त्यामुळे वीज अपुरी पडलीच तर मुख्य फाटकाचा कॅमेरा शेवटपर्यंत चालू राहील आणि बागेतला आधी बंद होईल असे ठरवता येते. अडकून बसलेल्या कॅमेऱ्याला शिडी लावून हात न लावता, घरबसल्या त्या पोर्टची वीज क्षणभर बंद करून परत सुरू करता येते. ज्याने पावसात खांबावर चढून कॅमेरा रीस्टार्ट केला आहे त्याला या एका बटणाची किंमत विचारावी. काही स्विच ठरावीक वेळ उपकरणाकडून उत्तर आले नाही तर हे काम आपणहून करतात. शाळा किंवा कार्यालय असेल तर रात्री वाय-फायच्या डब्यांची वीज वेळापत्रकानुसार बंद ठेवता येते.

विजेखेरीज माहितीच्या बाजूलाही मॅनेज्ड स्विचची मोठी कामे आहेत. त्यातले सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचच्या आत पाडलेल्या अदृश्य भिंती. ८०२.१क्यू या प्रमाणानुसार प्रत्येक संदेशावर बारा बिटांचा क्रमांक लावता येतो आणि त्यातून ४,०९४ वेगवेगळे विभाग करता येतात. कॅमेरे एका विभागात, कार्यालयातले संगणक दुसऱ्या, पाहुण्यांचे वाय-फाय तिसऱ्या विभागात ठेवले की पाहुण्याच्या मोबाइलवरून कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचता येत नाही. बाहेरच्या कॅमेऱ्याबाबत हे विशेष गरजेचे आहे, कारण तिथे नेटवर्कची एक केबल सार्वजनिक रस्त्यावर लोंबत असते. कोणी कॅमेरा काढून त्या केबलला लॅपटॉप जोडला तर, पोर्टवर विशिष्ट मॅक पत्त्याचे बंधन घातलेले असल्यास, तो पोर्ट बंद होतो आणि सूचना येते. मॅक पत्त्याची नक्कल करता येते, म्हणून जिथे खरोखर गुप्ततेचा प्रश्न आहे तिथे उपकरणाकडून ओळखपत्र मागणारी ८०२.१एक्स ही पद्धत वापरतात.

दुसरे काम वेटोळ्यापासून बचाव करण्याचे. कार्यालयात आवराआवर करताना कोणीतरी मोकळ्या पडलेल्या पॅच कॉर्डची, म्हणजे जोडणीच्या छोट्या केबलची, दोन्ही टोके भिंतीतल्या दोन सॉकेटांत खोचून ठेवतो आणि दोन मिनिटांत सगळे नेटवर्क ठप्प होते. ‘सर्वांसाठी’ म्हणून पाठवलेला संदेश त्या वेटोळ्यातून फिरत राहतो, दर फेरीला वाढतो, आणि इथरनेटच्या संदेशावर ‘इतक्या फेऱ्यांनंतर नष्ट व्हावे’ अशी मुदत लिहिलेली नसल्यामुळे तो कधीच मरत नाही. राडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये यावर उपाय शोधला. त्यांच्या स्पॅनिंग ट्री पद्धतीत स्विच आपसांत संदेश पाठवून वेटोळे ओळखतात आणि त्यातला एक दुवा तात्पुरता बंद करतात. १९९० च्या ८०२.१डी प्रमाणात तिचा समावेश झाला आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत.

एवढे अधिकार हातात येतात तेव्हा ते दुसऱ्याच्या हातात जाणार नाहीत याची काळजीही घ्यावी लागते. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, स्विचचे पान इंटरनेटवरून उघडणार नाही असे करावे, आणि कंपनीने दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर वेळोवेळी भरावे. ज्याला स्विचच्या पानात शिरता येते त्याला एका क्लिकने इमारतीतले सगळे कॅमेरे आंधळे करता येतात, हे विसरून चालत नाही.

जागेचा आणि उन्हाचाही विचार करावा लागतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे २० अंशांची केबल ५० अंशांवर गेली की तारेतली नासाडी सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवरच्या बंद पत्र्याच्या पेटीत ५० अंश ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. साधे स्विच बहुधा ४० ते ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. गच्चीसाठी ७० ते ७५ अंश सोसणारा औद्योगिक स्विच घ्यावा, किंवा त्याहून बरे म्हणजे स्विच खाली सावलीत ठेवून फक्त केबल वर न्यावी. त्या केबलची एकूण लांबी, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड धरून, १०० मीटरच्या आत हवी.

विजेचा पुरवठा एका जागी आल्यामुळे यूपीएसही एकच पुरतो आणि लँडलाइनचा जुना गुण परत मिळतो. आमच्या कॅमेऱ्यांचे रात्रीचे १४४ वॅट, स्विचच्या स्वतःच्या कामाचे साधारण २० वॅट आणि पॉवर सप्लायमधली घट धरली तर यूपीएसवर सुमारे १९० वॅटचा भार येतो. त्यावरून किती तास चालायला हवे ते ठरवून बॅटरी निवडावी. फक्त यूपीएसवर राउटर आणि चित्रीकरण साठवणारा रेकॉर्डरही घ्यायला विसरू नये, नाहीतर वीज गेल्यावर कॅमेरे पाहत राहतात आणि नोंद कुठेच होत नाही.

शेवटी पावसाळ्यातल्या विजांचा प्रश्न उरतो. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची केबल नेली तर जवळपास वीज कोसळल्यावर दोन्हीकडच्या जमिनीच्या दाबात प्रचंड फरक पडतो आणि तो फरक त्या केबलमधून वाहू पाहतो. पोर्टच्या आतले आवरण १,५०० व्होल्टपर्यंत तग धरते, त्यापुढे नाही. खांबावरच्या कॅमेऱ्यासाठी पीओईला चालणारा सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग लागते. दोन इमारतींच्या मध्ये मात्र तांबे टाळून फायबरच टाकावे. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, म्हणून तो सुरक्षित असतो, आणि त्याच कारणाने त्यातून पलीकडच्या कॅमेऱ्यांना वीजही पाठवता येत नाही. त्या इमारतीत वेगळा पीओई स्विच, वेगळा यूपीएस आणि त्या दोघांसाठी कुलूप लागेल अशी एक कोरडी, हवेशीर जागा शोधावी लागते. ती जागा केबल ओढायला सुरुवात करण्याआधीच नकाशावर ठरलेली असावी.